बाहेर शरद, घरात वर्षा : हिवाळ्यापूर्वी वास्तूतील ओल व बुरशी यांची परीक्षा

कोजागरी पौर्णिमा ते लक्ष्मीपूजन या पंधरा दिवसांत आपल्याकडील बहुतेक घरांची झाडलोट होते, माळे रिकामे होतात आणि भिंतींना रंग दिला जातो. पावसाने सोडलेले डाग सणापूर्वी दिसेनासे व्हावेत ही गृहस्थाची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु डाग रंगाखाली गेला की रूप झाकले जाते आणि हेतू तसाच राहतो. पुढे थंडीत खिडक्या बंद होऊ लागतात, पंखे थांबतात आणि त्याच ओल्या भिंतीच्या सान्निध्यात कुटुंब रात्रीचे आठ-नऊ तास घालवू लागते. मार्गशीर्ष-पौषात आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या जुनाट प्रतिश्याय, कास आणि तमकश्वासाच्या रुग्णांपैकी काहींचे मूळ या झाकलेल्या भिंतीत असते.

आहार, विहार, निद्रा, मलप्रवृत्ती यांविषयी आपण बारकाईने विचारतो. रुग्ण ज्या खोलीत झोपतो त्या खोलीविषयी मात्र क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात, रंगकाम करण्यापूर्वी घराची परीक्षा कशी करावी, त्या परीक्षेचा रुग्णाच्या निदानाशी संबंध कसा जोडावा आणि आपल्या स्वतःच्या औषधालयातही हीच दृष्टी कशी ठेवावी, याचा विचार केला आहे.

शास्त्रीय भूमिका

वास्तूतील आर्द्रतेचा विचार आपल्या संहितांना नवा नाही. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात ऋतुचर्या सांगताना वाग्भटाचार्यांनी वर्षाकाळी भूमीची वाफ, गारवा आणि पाण्याचे तुषार यांपासून मुक्त अशा वरच्या मजल्यावर राहण्याचा उपदेश केला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाच्या प्रसंगी दूषित वायूची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत वायूचे अतिस्तिमित व अत्यभिष्यंदी असणे आणि असात्म्य गंध, बाष्प, धूळ व धूर यांनी युक्त असणे यांचा समावेश आहे. ओल धरलेल्या बंद खोलीतील हवेला हे वर्णन शब्दशः लागू पडते. चिकित्सास्थानातील हिक्काश्वास अध्यायात तमकश्वास वाढविणाऱ्या कारणांत मेघ, जल, शैत्य आणि कफकर भाव यांची गणना आहे.

ऋतुसंधी म्हणजे मावळत्या ऋतूचा शेवटचा आणि येत्या ऋतूचा पहिला सप्ताह. या चौदा दिवसांत पूर्वीची चर्या हळूहळू सोडावी व नवी स्वीकारावी, असे शास्त्र सांगते. शरीराने चर्या बदलली तरी घर बदलले नसेल, तर रुग्ण दिवसा शरद ऋतूत आणि रात्री वर्षा ऋतूत वावरतो. पथ्य पाळूनही उपशय न मिळण्याचे हे एक कारण असू शकते.

आधुनिक विज्ञानाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांमध्ये श्वसनसंस्थेची लक्षणे व दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असे त्यांत नमूद आहे. हवेतील बुरशीच्या बीजाणूंची कोणतीही निश्चित सुरक्षित मर्यादा मात्र त्यांनी दिलेली नाही. ओलच टाळावी अथवा कमी करावी, असा त्यांचा उपदेश आहे. निदानपरिवर्जन म्हणतात ते हेच.

नवी मुंबईची भूमी

देशपरीक्षा केल्याविना पुढे जाणे योग्य होणार नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस भातशेती, मिठागरे व खाजण यांच्या प्रदेशात नवे शहर उभे राहू लागले. खाडीकाठच्या उपनगरांतील बराच भाग भरावावर वसलेला आहे. भरतीच्या पातळीचा विचार करून तेथे पावसाचे पाणी साठविणारे धारण तलाव बांधावे लागले, यावरूनच भूमीचे आनूप स्वरूप ध्यानी यावे. हवामान खात्याच्या २०२० साली सुधारलेल्या सरासरीनुसार मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या चार महिन्यांत नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यासह पावसाचा मारा मुख्यतः दक्षिण व पश्चिम दिशांच्या भिंतींवर होतो. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील सुरुवातीच्या काळातील अनेक इमारतींनी आता तिशी ओलांडली आहे. त्यातच बाल्कन्या बंद करून खोल्या वाढविल्याने मूळ वायुवीजन घटले आहे. भूमी, काल आणि बांधकाम अशी तिन्ही अंगे येथे क्लेदाला अनुकूल आहेत.

घराचे निदानपंचक

घराची परीक्षा आपल्याच परिचयाच्या चौकटीत बसविल्यास ती स्मरणात राहते व रुग्णासही सांगता येते.

१. हेतू. ओलीची कारणे चार गटांत मांडता येतात. पहिले, पावसाचे पाणी : गिलाव्यातील भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतालची फट, वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी पाडलेले भोक, छज्जा व भिंत यांचा सांधा आणि वरच्या मजल्यावर गच्चीचा फुटलेला कोबा अथवा पाचोळ्याने तुंबलेली पावसाची नळी. दुसरे, नळाचे व सांडपाण्याचे पाणी : वरच्या घरातील न्हाणीघर, शौचालय, भिंतीत गाडलेल्या नळ्या. तिसरे, भूमीतून चढणारे पाणी, जे तळमजल्यावरच आढळते. चौथे, घरातच निर्माण होणारे बाष्प : खोलीत वाळत घातलेले कपडे, खिडकीविना न्हाणीघर, झाकण न ठेवता केलेला स्वयंपाक, वातानुकूलित खोलीच्या थंड पृष्ठभागांवर जमणारे दव.

२. पूर्वरूप. डाग दिसण्यापूर्वी गंध येतो. रात्रभर बंद असलेल्या खोलीत सकाळी प्रथम प्रवेश करताना कुबट वास येतो का, हे पाहावे. घरातील माणसांचे नाक त्या वासाला सरावलेले असते. म्हणून ही परीक्षा गावाहून परतल्यावर प्रथम दार उघडताना करावी किंवा पाहुण्याला विचारावे. कपाटातील कपडे चिकट लागणे, चामड्याच्या चपलांवर पांढुरकी बुरी येणे, पुस्तकांची पाने फुगणे, मीठ पाघळणे, लाकडी दारे घट्ट बसणे ही इतर पूर्वरूपे होत.

३. रूप. रंगाचे फुगे व पापुद्रे, पिवळसर कडा असलेले डाग, पांढरा क्षार फुलून येणे, काळे-हिरवे ठिपके, बोटाने वाजवल्यास पोकळ आवाज देणारा गिलावा ही व्यक्त लक्षणे होत. ती मोकळ्या भिंतीवर कमी व झाकलेल्या जागी अधिक सापडतात. म्हणून बाहेरील भिंतीला टेकलेली कपाटे पुढे ओढावीत, पलंगाच्या पेटीतील सामान काढावे, गादी उलटावी, ओट्याखालील कप्पा, माळ्याचे कोपरे, तसबिरींची मागील बाजू आणि देवघरामागची भिंत विजेरीच्या तिरप्या प्रकाशात पाहावी. वातानुकूलन यंत्राची जाळी काढून तपासावी. छतातून गंजलेली सळई दिसत असेल किंवा काँक्रीटचे पापुद्रे सुटत असतील, तर प्रश्न आरोग्यापुरता राहत नाही. तेथे स्थापत्य अभियंत्यास पाचारण करावे. ३० वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी महाराष्ट्रात कायद्याने आवश्यक आहे, हेही रहिवाशांस सांगावे. ओल विजेच्या बटणांपर्यंत पोहोचली असल्यास त्या भागाचा वीजपुरवठा प्रथम बंद करावा.

४. उपशय-अनुपशय. रंगापूर्वीच परीक्षा का करावी, याचे उत्तर या पायरीत आहे. पाऊस थांबल्यानंतरचे कोरडे, कडक उन्हाचे दिवस हा भिंतीचा स्वाभाविक उपशय आहे. ओलसर डागाची सीमा शिसपेन्सिलीने आखून शेजारी दिनांक लिहावा व आठव्या आणि पंधराव्या दिवशी पुन्हा पाहावे. डाग आकसत गेला, तर पावसाचे पाणी हा हेतू संभवतो. कोरड्या हवेतही डाग तेवढाच राहिला किंवा वाढला, तर नळाचे अथवा सांडपाण्याचे पाणी शोधावे. रात्री घरातील सर्व तोट्या बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपावा. सकाळी तो पुढे सरकलेला असल्यास नळी गळते आहे. वरच्या न्हाणीघराचा संशय असल्यास दोन दिवस तेथील वापर थांबवून फरक पाहता येतो. तळमजल्यावर जमिनीलगत, साधारण हातभर उंचीपर्यंत आडव्या पट्ट्यात दिसणारी व क्षार फुलवणारी ओल बहुधा भूमीतील असते आणि ती उन्हाळ्यातही पूर्णतः जात नाही. ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ठरविण्यासाठी प्लास्टिकच्या जाड कागदाचा वीतभर तुकडा चारी कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर दोन दिवस लावावा. पाणी कागदाच्या आतील बाजूस जमले तर ते भिंतीतील. खोलीकडील बाजूस जमले तर ते हवेतील बाष्प. बाजारात मिळणारा छोटा आर्द्रतामापकही उपयुक्त ठरतो. कोरड्या ऋतूत झोपण्याच्या खोलीतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असावी. एकाच खोलीत ती सतत अधिक राहत असेल, तर तेथे शोध घ्यावा.

५. संप्राप्ती. दोषांचे प्रसर व स्थानसंश्रय वेगवेगळ्या ठिकाणी होतात, तसेच पाण्याचेही आहे. गच्चीच्या एका कोपऱ्यात शिरलेले पाणी काँक्रीटमधील सळईच्या किंवा विजेच्या नळीच्या आधाराने वाहत दूरच्या खोलीत उतरते. जेथे डाग तेथेच छिद्र, असे गृहीत धरून केलेला खर्च वाया जाण्याचा संभव अधिक. डागाच्या वर, मागे व भिंतीपलीकडे काय आहे, हे पाहूनच संप्राप्ती जुळवावी.

रुग्णपरीक्षेत विचारावयाचे प्रश्न

आठ वर्षांच्या बालकाचे उदाहरण घेऊ. ऑक्टोबरपासून रात्रीचा कास, पहाटे शिंका, मधून मधून श्वासकष्ट. सितोपलादी, वासावलेह दिल्यावर उपशय मिळतो. औषध थांबले की पुन्हा तेच. दिवाळीत पालघरच्या आजोळी आठ दिवस कास नसतो. नेरूळला परतल्यावर तिसऱ्या रात्री तो सुरू होतो. येथे केवळ मात्रा वाढविण्यापेक्षा पलंग कोणत्या भिंतीला लागून आहे, हे विचारणे अधिक फलदायी ठरते. स्थानबदलाने मिळणारा उपशय हा घरातील हेतूकडे बोट दाखवतो. तो सिद्धता देत नाही. धूलिकण, झुरळे, पाळीव प्राणी, धूर यांचाही विचार करावाच लागतो. तरी शोधाची दिशा त्यावरून ठरते.

यासाठी रुग्णपत्रिकेत पुढील पाच प्रश्नांची भर घालावी : घर कोणत्या मजल्यावर आहे? झोपण्याच्या खोलीत ओल, डाग अथवा कुबट वास आहे का? तक्रार रात्री किंवा पहाटे वाढते का? चार दिवस बाहेरगावी गेल्यावर कमी होते का? घरातील आणखी कोणास तशीच तक्रार आहे? शक्य असल्यास भ्रमणध्वनीवर त्या भिंतीचे छायाचित्र काढून आणण्यास सांगावे. यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

याबरोबरच आपली मर्यादाही स्पष्ट असावी. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला कास, सायंकाळचा ज्वर, वजन घटणे ही लक्षणे असता केवळ ओलीवर ठपका ठेवू नये. क्षयाच्या दृष्टीने थुंकीची तपासणी करून घ्यावी. दम्याच्या रुग्णास तपकिरी चिकट कफ पडत असेल, रक्त पडत असेल किंवा नियमित औषध घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, तर बुरशीच्या अधिहृषतेतून होणाऱ्या फुप्फुसविकाराची शक्यता ध्यानी घेऊन छातीविकार तज्ज्ञांकडे पाठवावे. रुग्ण घेत असलेला श्वासमार्गी औषधाचा फवारा आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नये.

२०२१ सालच्या साथीत काळी बुरशी या नावाने म्युकरमायकोसिसची धास्ती घराघरांत पोहोचली. तेव्हापासून भिंतीवरील काळा ठिपका पाहून घाबरलेले रुग्ण येतात. त्यांना सांगावे की तो विकार मुख्यतः अनियंत्रित मधुमेह, स्टिरॉईडचा वापर व क्षीण व्याधिक्षमत्व असलेल्यांत दिसला आणि भिंतीवरील बुरशीचा काळा रंग हे त्याचे लक्षण नव्हे. तथापि अशा दुर्बल रुग्णांनी कोणत्याही बुरशीच्या साफसफाईपासून दूर राहावे, हे खरेच.

उपाययोजना

क्रम महत्त्वाचा आहे : प्रथम पाण्याचा मार्ग बंद करणे, नंतर भिंत पूर्ण वाळू देणे, मग बुरशी काढणे आणि सर्वांत शेवटी रंग. आम असताना स्तंभन द्यावे तसे ओल्या भिंतीवर जलरोधक रंग लावणे होय. आतील पाणी दुसरी वाट शोधते आणि पापुद्रे पुन्हा सुटतात. दिवाळी जवळ आली असेल तर इतर भिंती खुशाल रंगवाव्यात, संशयित भिंत तेवढी मोकळी ठेवावी. बाहेरील भिंतीची व गच्चीची कामे दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्यापूर्वी संपवावीत.

पुसण्याने निघणारी, साधारण दहा चौरस फुटांपर्यंतची बुरशी घरी काढता येते. नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट, हातमोजे व चष्मा घालावा. खिडकी उघडी ठेवावी व खोलीचे दार बंद करावे. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्यानेच पुसावे. कोरडा ब्रश किंवा झाडू मारल्याने बीजाणू घरभर उडतात. विरंजक द्रव वापरल्यास त्यात आम्लयुक्त शौचालय-द्रव किंवा अमोनिया कदापि मिसळू नये. विषारी वायू निर्माण होतो. श्वासाचे रुग्ण, गर्भिणी व बालके यांना त्या वेळी घराबाहेर ठेवावे. बुरशी धरलेली गादी, उशी, गालिचा हे धुऊन पूर्ण वाळवता येत नसेल तर टाकून द्यावेत. यापुढे कोणतीही वस्तू भिजल्यास ती एक-दोन दिवसांत वाळेल असे पाहावे. कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत आणि थंडीतही दुपारी समोरासमोरच्या खिडक्या काही काळ उघडाव्यात.

खर्च कोणाचा, या प्रश्नावर अनेक घरांतील काम अडते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरील भिंती, सामाईक नळ्या व पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते. सदनिकेच्या आतील न्हाणीघर, मोरी यांतून होणारी गळती त्या सभासदाने स्वखर्चाने थांबवावयाची असते. वरच्या व खालच्या मजल्यांतील वाद मिटेपर्यंत खालच्या घरातील बालक मात्र खोकत राहते. अशा वेळी वैद्याचे दोन ओळींचे पत्र संस्थेच्या समितीपुढे उपयोगी पडू शकते. त्यात रुग्णाची लक्षणे, पाहिलेली परिस्थिती एवढेच लिहावे, बांधकामाविषयी मत देऊ नये.

धूपनाविषयी

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात गुग्गुळ, अगरू, सर्जरस, वचा, पांढरी मोहरी, सैंधव व निंबपत्र यांचे सघृत धूपन सांगितले आहे. व्रणितागाराच्या संदर्भात त्याचे महत्त्व वादातीत आहे. परंतु ओलीवर उपाय म्हणून तमकश्वासाच्या रुग्णाच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ धूर करण्याचा सल्ला योग्य नव्हे. धूर हा श्वासाचाच एक हेतू म्हणून चरकांनी गणला आहे. शिवाय धूपनाने भिंतीतील पाणी वाळत नाही. दुरुस्ती व स्वच्छता झाल्यावर, रुग्ण घरात नसताना धूपन करावे आणि धूर पूर्ण निघून गेल्यावरच त्यास खोलीत येऊ द्यावे.

आपले औषधालय

हीच परीक्षा आपल्या दुकानाच्या व चिकित्सालयाच्या भिंतींनाही लागू आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधे ठेवण्याचे घर पूर्वाभिमुख अथवा उत्तराभिमुख असावे व अग्नी, जल, बाष्प, धूर, धूळ आणि उंदीर यांपासून द्रव्यांचे रक्षण व्हावे, असा निर्देश आहे. सुश्रुतांनीही धूर, पाऊस, वारा व क्लेद यांचा उपद्रव कोणत्याही ऋतूत पोहोचणार नाही अशा घरी औषधसंग्रह करावा, असे सांगितले आहे. नवी मुंबईतील आपली बहुतेक दुकाने तळमजल्यावर, वर निवासी सदनिका असलेल्या इमारतींत आहेत. म्हणजे भूमीतील व वरच्या नळ्यांतील अशा दोन्ही ओलींचा धोका तेथे आहे.

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत सर्व फडताळे रिकामी करून मागील भिंत पाहावी. फडताळे भिंतीपासून वीतभर पुढे असावीत. काष्ठौषधींची पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत. लवणभास्कर, यवक्षार व इतर क्षार-लवणयुक्त कल्प, गुडूचीसत्त्व, गुग्गुळकल्प व मनुका ही द्रव्ये आर्द्रता लवकर दाखवतात. चूर्णाचे खडे होणे, गोळ्या एकमेकींस चिकटणे ही त्या कप्प्याची पूर्वरूपेच समजावीत. अवलेहाच्या बरणीत ओला चमचा जाणार नाही याची दक्षता घ्यावी. चूर्णाचे वीर्य दोन मासांनी घटते असे शार्ङ्गधरांनी म्हटले आहे. वेष्टनावरील आजची मुदत त्याहून दीर्घ असली तरी ती बंद व कोरड्या साठवणुकीसाठी आहे. उघडलेल्या डब्यावर उघडल्याचा दिनांक लिहावा आणि पावसाळ्यात थोडी थोडी खरेदी करावी.

बुरशी धरलेली सुंठ, पिंपळी किंवा ज्येष्ठमध ऊन दाखवून, झटकून पुन्हा विक्रीस ठेवणे सर्वथा वर्ज्य मानावे. ऊन दाखविल्याने वरची बुरशी निघून गेली तरी काही बुरशींनी द्रव्यात सोडलेले विष तेथेच राहते. अफ्लाटॉक्सिन हे त्यांपैकी यकृतास घातक विष काढ्याच्या उष्णतेनेही पुरेसे नष्ट होत नाही. रुग्णाच्या घरातील बुरशी शोधणाऱ्या वैद्याच्या हातून तीच बुरशी पुडीत बांधून जाणे, हा चिकित्सेतील सर्वांत मोठा व्याघात ठरेल. असा माल नष्ट करावा, वेष्टित असल्यास समूहक्रमांकासह परत करावा व त्याची नोंद ठेवावी.

समारोप

हिवाळ्यात बलवान अग्नी, स्निग्ध आहार व रसायनसेवन यांचा लाभ घ्यावयाचा तर रुग्ण कोरड्या, वाहत्या हवेत झोपला पाहिजे. यासाठी लागणारी साधने शिसपेन्सिल, विजेरी, प्लास्टिकचा तुकडा व स्वतःचे नाक एवढीच आहेत. वैद्यबंधू-भगिनींनी यंदा कोजागरीच्या आठवड्यापासून आपल्या जुनाट कास-श्वासाच्या रुग्णांना हे पाच प्रश्न विचारावेत, भिंतीवर दिनांक घालण्यास सांगावे आणि पंधरा दिवसांनी तो डाग व रुग्णाची लक्षणे रुग्णपत्रिकेत शेजारी शेजारी नोंदवावीत.